पांढऱ्या ओढ्याच्या अलीकडे

रस्त्याचं नाव पांढरा ओढा.
पाणी ऐकायचं तर गटाराच्या जाळीला कान लावावा लागतो.
अलीकडे आम्ही, ओस्पितालेत.
पलीकडे बार्सिलोना.
मध्ये दोन गाड्या जातील एवढं डांबर
आणि झेब्राचे पट्टे:
त्यांच्या बाजूचे ताजे,
आमच्या बाजूचे गेल्या निवडणुकीतले.

फुएनसांताबाईंच्या घरापर्यंत एकोणऐंशी पायऱ्या.
लिफ्ट बसवायची, तर कुठे?
गॅसची टाकी खांद्यावर घेऊन कुणी उतरत असला
की मी तिसऱ्या मजल्यावरच्या दारात शिरून उभी राहते,
आणि आतून तसनीम म्हणते,
शिरलीच आहेस तर चहा घेऊन जा.
शिरगणतीवाला आला तेव्हा जिन्यातच बसून लिहीत होता.
संध्याकाळी पेन झटकत म्हणाला, झाली ना इमारत?
बाई म्हणाली, पहिला मजला झाला.

कागदावर माझे तीन तास:
आंघोळ, गोळ्या, बाजार.
चौथा तास खिडकीचा, त्याचे पैसे नाहीत.
ती म्हणते, तो बघ, समोरच्या बाल्कनीतला टकला.
त्याची फुलं मोठ्या शहराची.
कुंडीतून ठिबकतं ते पाणीही मोठ्या शहराचं.
पण त्याला इथून काय दिसतं?
आपल्या चड्ड्या, आपल्या चादरी.
मग सांग विल्मा, देखावा कुणाला चांगला मिळाला?

मुर्सियाहून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती.
दोन खोल्यांत अकरा माणसं,
रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा.
गादी कधी गार झाली नाही, म्हणते,
आणि हसते, दात नसलेल्या बाजूने.
पहिल्या मजल्यावरच्या होंडुरासच्या पोरांची गादी
अजून गार होत नाही.

गावाहून बहीण पाकिटावर लिहायची: फुएनसांता, बार्सिलोना.
पोस्टमन आणून द्यायचा तरी.
ही आधी पेन्सिलीने खोडायची,
बरोबर शहर लिहायची,
मगच पाकीट फोडायची.

माझी आई ओरुरोहून विचारते,
बार्सिलोनात थंडी आहे का गं?
मी म्हणते, आहे.
थंडी काही हद्द बघून पडत नाही.
एकदा बाईने ते ऐकलं.
चार दिवस माझ्याशी फक्त "मीठ" एवढंच बोलली.

हिनेस, तिचा नवरा, एका गुरुवारी पाव आणायला पलीकडे गेला.
पलीकडचा पाव सहा सेंटनी स्वस्त.
परतताना ताज्या पट्ट्यांवर कोसळला.
रुग्णवाहिका त्यांची, डॉक्टर त्यांचा,
आणि कागदावर, मृत्यूचं ठिकाण: बार्सिलोना.
ती दोन्ही कचेऱ्यांत जाऊन आली.
इकडचे म्हणाले, आमच्या हद्दीत घडलेलं नाही, बाई.
तिकडचे म्हणाले, माणूस पडला तिथलीच नोंद होते.
नऊ पावलं, ती म्हणाली.
मी खिडकीतून मोजलीत.
टेबलापलीकडच्या कारकुनाने खुर्ची दिली तिला,
पाणी दिलं, शिक्का मारला.

त्या रात्री भांडी घासताना मला म्हणाली,
एकसष्ट वर्षं इथल्या गर्दीत
त्याला पडायला जागा सापडली नाही.
तिकडे बघ, लगेच सापडली.
मला हसावं की काय करावं कळेना.
मी ताट पुसत राहिले, एकच ताट.

गेल्या सोमवारी तिने पेन्सिल मागितली.
कागद ड्रॉवरमधून काढलेला, मांडीवर.
मी टोक करून दिलं
आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेले.
समोरचा टकला फुलांना पाणी घालत होता,
थेंब त्याच्या फूटपाथवर.
बऱ्याच वेळाने हाक आली.

कागद उलटा केला होता.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं:
मीठ, गोळ्या, साबण, पाव.
पाव अलीकडचा आण, म्हणाली,
आणि पर्समधली सुटी नाणी
माझ्या हातावर एकेक करून मोजली.